भाऊजींचा पंधरवडा

आमच्या श्रीधर भाऊजींच्या घरी सकाळी सव्वासातला गेलात तर तुम्हाला बसायला मिळणार नाही. खुर्च्या नाहीत असं नाही. चार आहेत, चांगल्या वेताच्या. पण सात वाजले की भाऊजी स्वतःच्या हाताने त्या उलट्या करून ठेवतात, पाय वर. ओट्यावर टेकू म्हणाल तर ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून ठेवलेलं असतं. साडेसात झाले की खुर्च्या सुलट्या होतात, भाऊजी आतून चहा घेऊन येतात आणि वर आपल्यालाच विचारतात, "बसा की. उभे का?"

सव्वासात ते साडेसात ही पंधरा मिनिटं म्हणजे त्यांची 'उभी मीटिंग'. माणूस बसला की पसरतो आणि उभा राहिला की मुद्द्याचं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. ते काही खोटं नाही. पण या मीटिंगला माणसं किती? तीन. एक भाऊजी, एक मी आणि एक नंदू सुतार. मी शेजारीण, म्हणजे त्यांच्या चुलतभावाची बायको. आमच्या दोन घरांमध्ये सुपारीची एक रांग, बस्स. किहीमच्या अलीकडे खाडीच्या अंगाला आमची घरगुती खानावळ आहे. माझ्या चुलीवर सकाळी सातला नाश्त्याचं आधण चढलेलं असतं, आणि मी इथे उभी राहून हजेरी देते! का देते, ते पुढे कळेल.

भाऊजी तीस वर्षं पुण्यात होते, एका कंप्युटर कंपनीत. त्यांचं काम काय ते आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. ते प्रोग्राम लिहीत नसत, विकतही नसत. जे लिहीत त्यांना रोज सकाळी उभं करून तीन प्रश्न विचारायचे, त्याचा त्यांना पगार होता. काल काय झालं? आज काय करणार? अडलंय कुठे? मी म्हटलं, "एवढंच? अहो भाऊजी, हे तर मी लग्न झाल्यापासून फुकट करतेय."

नंदूचं उत्तर महिनोन्महिने एकच होतं. "काल रंधा मारला. आज रंधा मारनार. आन् अडलंय म्हनाल तर ही मीटिंग संपली का सुटंल."

भाऊजी हसत नाहीत. ते वहीत लिहून घेतात.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. निवृत्त झाल्यावर भाऊजी आणि शैलाताई, म्हणजे माझ्या जाऊबाई, गावच्या घरी राहायला आले. सहा महिन्यांत शैलाताई गेल्या. आजार कळायला आणि माणूस जायला काही अंतरच राहिलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता कॅनडात. ती आली, दहा दिवस राहिली, रडली आणि परत गेली. नोकरीच तशी. मग भाऊजी ओट्यावर बसले ते दोन महिने उठले नाहीत. मी डबा ठेवायची, तो तसाच परत यायचा. छपरातून पाणी गळत होतं, खिडक्यांना वाळवी लागली होती, आणि ते समोरच्या माडाकडे बघत बसलेले.

मुक्ताही त्याच धंद्यातली. बापाची नस तिला बरोबर ठाऊक. तिने एक दिवस फोनवर सांगितलं, "बाबा, घराचं काम काढा. सगळं एकदम नको. पंधरा दिवसांत होईल तेवढंच घ्या आणि दर दुसऱ्या रविवारी मला डेमो द्या. दाखवायला काही असलं तरच फोन हं, नाहीतर नको!"

शेवटचं वाक्य ती गमतीत म्हणाली. बापाला ओट्यावरून उठवायला म्हणाली. पण आमचे भाऊजी म्हणजे नियमाचे गुलाम. त्यांनी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी पडवीत शाळेतला जुना फळा आला. त्यावर चार रकाने: करायचंय, चाललंय, अडलंय, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. आणि 'चाललंय'खाली एका वेळी तीनच चिठ्ठ्या, चौथी लावली तर भाऊजींना घाम फुटतो. हा नियम त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातही आणायचा प्रयत्न केला. "वहिनी, एका वेळी तीनच पदार्थ हाती घ्या." मी म्हटलं, "बरं. मग आजच्या पाहुण्यांना भात, तळलेलं पापलेट आणि तुमचा उपदेश वाढते. सोलकढी पुढच्या पंधरवड्यात." त्यानंतर ते माझ्या चुलीच्या वाटेला गेले नाहीत.

पण कामं मोजायची त्यांची रीत मात्र मला आवडली, कारण ती माझ्याच तोंडातून आली. पहिल्या बैठकीत ते कामाला आकडे देत होते. हे काम तीनचं, ते आठचं. नंदू म्हणाला, "आठ काय? दिवस का मान्सं?" भाऊजी म्हणाले, "दोन्ही नाही." नंदूने माझ्याकडे बघितलं. मी वैतागून म्हटलं, "अहो, सरळ माशात सांगा ना!" भाऊजींनी आकडे पुसलेच. तेव्हापासून लहान काम म्हणजे करंदी, मध्यम म्हणजे बांगडा, मोठं म्हणजे सुरमई. आणि जे पंधरा दिवसांत बसूच शकत नाही ते मुशी, म्हणजे शार्क मासा. मुशी फळ्यावर लागत नाही. "मुशी आहे ही. आधी कापा," हे भाऊजींचं आवडतं वाक्य. छप्पर ही मुशी होती. तिचे नऊ तुकडे केले, तेव्हा कुठे ते शाकारून झालं.

आकार ठरवताना तिघांनी हात पाठीमागे न्यायचे आणि 'दाखवा' म्हटल्यावर एकदम पुढे करायचे. करंदीला एक बोट, बांगड्याला दोन, सुरमईला तीन, मुशीला अख्खा पंजा. एकदम का? तर दुसऱ्याचं बघून कोणी मान डोलावू नये म्हणून. विहिरीच्या कठड्याला मी एक बोट दाखवलं आणि नंदूने तीन. मी म्हटलं, "अरे, चार दगड तर लावायचेत!" नंदू म्हणाला, "वहिनी, पलीकडनं पिंपळाची मुळी आत शिरलेय. तुमी वरून बघता, मी वाकून बघितलाय." भाऊजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघा! वाद झाला नसता तर मुळी कळली असती का?" त्या दिवशी मला वाटलं, माणूस वेडा आहे खरा, पण खुळा नाही.

आता त्यांची फजितीही सांगायला हवी. मागच्या बाजूला खाडीकडे गडगा, म्हणजे दगडांचं बुटकं कुंपण, घालायचं काम त्यांनी ऑफिसच्या कॅलेंडरवर बघून लावलं. डेमो रविवारी. तो रविवार निघाला अमावास्येचा. आमच्याकडे शेंबडं पोरगंसुद्धा अमावास्येला खाडीच्या तोंडाशी काम काढत नाही, उधाणाचं पाणी कुठवर चढतं ते त्यालाही माहीत असतं. नंदूने सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. पण फळ्यावर नव्हतं ना! दुपारी उधाणाचं पाणी चढलं ते मागच्या सखल जागेत तुंबून राहिलं, आणि संध्याकाळी सहाला भाऊजी त्या गुडघाभर पाण्यात उभे राहून फोनवर म्हणत होते, "हा गडगा..." आणि गडगा पाण्याखाली. मुक्ता कॅनडात पोट धरून हसत होती. "बाबा, पाणबुडी घेतलीत का?" भाऊजी ओशाळले. पण दुसऱ्या दिवशी फळ्याशेजारी भरती-ओहोटीचं पत्रक लागलं. चूक झाली की कबूल करायची आणि पुढच्या फेरीत बदलायची, हा त्यांचा गुण मला माझ्या घरात कुणातच दिसला नाही.

डेमोचा रविवार म्हणजे सणच. पाच वाजता भाऊजींची दाढी झालेली, इस्त्रीचा शर्ट, फोन पूर्ण भरलेला. सहाला तिकडे सकाळ. फोन लागला की ते एकेक काम दाखवत फिरणार, आणि मी नि नंदू वऱ्हाडासारखे मागून. मुक्ताही बापाची लेक. "बाबा, खिडकी नुसती उघडी दाखवू नका, लावून दाखवा. कडी बसते का?" भाऊजी खूश. कारण 'झालं' म्हणजे काय, यावर त्यांचा फार कटाक्ष. आम्ही कुठलंही काम झालं म्हटलं की ते विचारणार, "झालं म्हणजे काय? रंग वाळला? भुसा झाडला? वापरून बघितलं? मग झालं म्हणा." वीसेक मिनिटं हे चालायचं. मग मुक्ता म्हणायची, "छान! बरं बाबा, पळते." फोन बंद व्हायचा. भाऊजी तरी थोडा वेळ तो तसाच खिडकीसमोर धरून उभे असायचे.

ते एकदा बघितल्यावर मी रोज सव्वासातला जायला लागले. आधण उतू गेलं तर जाऊ दे.

दीड वर्ष गेलं. 'झालं'च्या रकान्यात चिठ्ठ्या मावेनात आणि 'करायचंय'खाली एकच उरली. पडवीतला झोपाळा. माणगावच्या वखारीतून फणसाची फळी आली, नंदूने तिला असा रंधा मारला की हात फिरवत राहावं. बांगडा, असं तिघांनी एकमताने ठरवलं होतं. सहा दिवसांचं काम.

आणि इथे घोडं पेंड खायला लागलं. झोपाळ्याच्या पहिल्या डेमोच्या आदल्या दिवशी कडी ढिली निघाली. नंदूने कसली. पण दुसऱ्या दिवशी भाऊजींनी फोनवर सांगितलं, "झोपाळा पुढच्या फेरीत." पुढच्या फेरीत फळीला चरा पडला. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा कडी. शिवाय जुन्या झालेल्या कामांच्याही चिठ्ठ्या मागे येऊ लागल्या. खिडकीचा रंग खरवडला गेला, न्हाणीची फरशी हलली. नंदू भडकला. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तो उभ्या उभ्या म्हणाला, "भाऊ, मी चाळीस वर्सं झोपाळे टांगतोय. माजी कडी ढिली व्हत न्हाय. कोनी तरी मुद्दाम करतंय, न्हायतर माजा हात गेला. हात गेला असंल तर मी उद्यापास्नं येत न्हाय."

भाऊजी वहीत बघत राहिले. त्यांनी काही लिहून घेतलं नाही, तेव्हाच मला शंका आली.

शनिवारी दुपारी मी वाटीभर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन गेले. पडवीत भाऊजी स्टुलावर चढलेले, हातात पाना, आणि झोपाळ्याच्या कडीचा नट सोडवत होते.

मला असा राग आला! नंदूसारखा कारागीर स्वतःच्या हातावर संशय घेत घरी बसायला निघाला होता. मी वाटी आपटली. "भाऊजी! झालं म्हणजे काय हो?"

ते दचकले नाहीत, उतरलेही नाहीत. वरच्या तुळईकडे बघत म्हणाले, "वहिनी, झालं म्हणजे रविवार संपला."

मी म्हटलं, "अहो, 'दाखवायला काही असलं तरच फोन' हे ती गमतीत म्हणाली होती."

"माहीत आहे मला."

"मग उचला फोन आणि बोला. पोटची पोर आहे!"

ते हळूहळू खाली उतरले आणि स्टुलावरच बसले. "काय बोलू? बोलायची ती शैला. तासतासभर बोलायच्या दोघी. मी पलीकडच्या खोलीतून ओरडायचो, 'पैसे पुरतात का विचार.' एवढंच माझं बोलणं. वहिनी, मला दाखवता येतं हो. बोलता येत नाही. दाखवायला काही नसताना फोन लावला, ती म्हणाली 'बोला बाबा', आणि मला काही सुचलं नाही तर? मग ती पुढच्या वेळी उचलेल का?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसलं आणि हात पुढे केला. "तो पाना इकडे द्या."

त्यांनी मुकाट्याने दिला.

रविवारी सकाळी सव्वासातला नंदूला मी स्वतः जाऊन घेऊन आले. खुर्च्या उलट्या, ओटा ओला, सगळं रोजच्यासारखं. भाऊजी ताठ उभे राहिले. "काल मी नंदूची कडी ढिली केली. याआधीही केली होती. रंग खरवडला, फरशी हलवली, फळीला चरा पाडला, ते सगळं मीच. आज नंदूची माफी मागणार. अडलंय ते माझ्यातच." कशासाठी केलं तेही त्यांनी सांगितलं, एकही शब्द न गाळता.

नंदूने सगळं ऐकून घेतलं. मग पुढे झाला आणि एकेक करून चारही खुर्च्या त्याने सुलट्या केल्या. "बसा भाऊ," तो म्हणाला. "आज बसून बोलू."

संध्याकाळी सहाला फोन लागला. झोपाळा टांगलेला, कडी नंदूने कसलेली. मुक्ता म्हणाली, "नुसता दाखवू नका, बसून दाखवा." भाऊजी एका कडेला बसले.

"बाबा, मधोमध बसा ना."

"मधोमध बसायला तो एकट्याचा नाही," भाऊजी म्हणाले.

मुक्ता म्हणाली, "फळा दाखवा." मी फोन फळ्याकडे वळवला. 'करायचंय'खाली काही नव्हतं.

"मग झालं?"

"झालं," भाऊजी म्हणाले. आवाज ऑफिसमधला काढायचा प्रयत्न होता, पण तो काही निघाला नाही.

"नाही झालं," मुक्ता म्हणाली. "मागे वळून बघायचं राहिलं. तुम्ही टीमला प्रत्येक फेरीच्या शेवटी विचारता ना? आज मी विचारते. काय बरं झालं?"

मला वाटलं, आता ते छपरापासून सुरू करतील. नऊ तुकडे, कौलं, खिडक्या. भाऊजींनी झोपाळ्याची साखळी घट्ट धरली.

"दर दुसऱ्या रविवारी तू दिसलीस."

"आणि काय बरं नाही झालं?"

"मधे तेरा दिवस असतात."

मुक्ताने मान वळवली होती, तिचे नुसते केस दिसत होते. नंदू उगाच फळीवरून हात फिरवायला लागला. मी तर तोंडात पदरच कोंबला.

मग ती वळली. नाक लाल झालेलं, पण आवाज मालकिणीचा. "एक चिठ्ठी लिहा. मुक्ताने घरी येणे, निवांत, महिनाभर. आकार काय? हात मागे घ्या सगळ्यांनी. दाखवा!"

चौघांचे चार पंजे एकदम पुढे आले. तिचा फोनमध्ये, आमचे इकडे.

"मुशी आहे ही," भाऊजी पुटपुटले. त्यांचे डोळे गळत होते आणि त्यांना ते पुसायचं भानही नव्हतं. "आधी काप."

"कापते. पहिला तुकडा, रजेचा अर्ज. आणि फेरी आता एका आठवड्याची. पुढच्या रविवारी डेमो मी देणार, तुम्ही नुसतं बघायचं. दाखवायला काही नसलं तरी फोन लावणार. चालेल?"

"करंदी हाय ती, करंदी!" नंदू एवढ्या जोरात ओरडला की माडावरचे कावळे उडाले.

याला आता दोन महिने झाले. मुक्ता दर रविवारी फोन करते. अर्ज टाकला ती चिठ्ठी 'झालं'मध्ये गेली, पण रजेची मंजुरी 'अडलंय'खाली आहे. तिच्या साहेबांकडे अडलंय. रोज सकाळी भाऊजी मीटिंगमध्ये ती चिठ्ठी वाचतात, सरळ करून पुन्हा तिथेच लावतात. कधी येईल ते तिलाही माहीत नाही. रविवारी दाखवायला काही नसलं तर ती तिच्या खिडकीतलं झाड दाखवते आणि भाऊजी विचारतात, "पाणी घातलंस?" त्याच्यावर दहा मिनिटं जातात. बोलायला शिकतायत हळूहळू.

त्यांचा पाना माझ्या फडताळातच आहे. काल दुपारी भाऊजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. उगाच घुटमळले. मी विचारलं, "पाना हवाय?"

"नको, नको," ते म्हणाले. "चमचाभर खोबरेल द्या. झोपाळ्याची कडी करकरतेय. मुक्ताची झोप लहानपणापासून सावध आहे."